फौलादाचा मोह आणि सतरा वर्षांचा हात

आपल्याकडे कोणतीही वस्तू घेताना ती आधी हातात घेऊन तोलून बघायची पद्धत आहे. तांब्याची कळशी असो, खलबत्ता असो, नाहीतर शिलाई मशीन असो. जड लागली की माल चांगला आहे असे आपणच ठरवून टाकतो, दुकानदाराला बोलायची गरजच पडत नाही. आमच्या नगरच्या बाजारात (आता कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) मी लोकांना मिक्सरसुद्धा उचलून बघताना पाहिले आहे. ही सवय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पातळ पत्र्याचे कपाट घेऊन पस्तावलेली घरे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण हाच न्याय आता नेमबाजीच्या पिस्तुलाला लावला जाऊ लागला आहे. त्यात पालकांची पुंजी आणि मुलांचे खांदे दोन्ही पणाला लागतात, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. खेळाचा शिक्षक नाही. पण आमच्यासारख्या शाळांत जो शिक्षक 'नाही' म्हणत नाही त्याच्या गळ्यात सगळेच पडते, तशी शालेय स्पर्धांना मुले घेऊन जाण्याची जबाबदारी काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यात नेमबाजीही आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर या खेळाविषयी विचारणारे पालक वाढले. मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवले, सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक स्पर्धेत दुसरे कांस्य मिळवले, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये तिसरे. कुसाळे शिक्षकाचा मुलगा, रेल्वेत नोकरीला. ही एवढी माहिती मध्यमवर्गीय घराला स्वप्न पाहायला पुरेशी असते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, हेही पालकांना लगेच ठाऊक होते.

अशाच एका पालकांनी मला गेल्या महिन्यात गाठले. एमआयडीसीत लेथवर काम करणारे गृहस्थ. मुलगी सतरा वर्षांची, अकरावीत, दीड वर्षापासून क्लबच्या एअर पिस्तुलावर सराव करते आणि बरी करते. आता तिला स्वतःचे पिस्तूल घ्यायचे. भाभींची भिशी लागली आहे, थोडे सोने मोडायची तयारी आहे. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कोणी जाणकार एक काळेशार, संपूर्ण पोलादी स्पर्धा-पिस्तूल उलटसुलट करून दाखवत होता. म्हणत होता, याच्याइतके स्थिर दुसरे काही नाही.

"सर, लोहा है. प्लास्टिक नाही. वजनदार चीज हलत नाही. आमच्या लेथचा बेड बघा ना, दाबून बसतो म्हणून तर जॉब साफ येतो."

हा माणूस तीस वर्षे लोखंडासोबत राहिला आहे. त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. कातकाम करणाऱ्या यंत्राचा पाया जड बिडाचा करतात तो कंपने गिळण्यासाठीच. आणि आपल्या भाषेतही लोखंड-पोलादाची इज्जत मोठी आहे. मराठीतले पोलाद आणि उर्दूतले फौलाद हे एकाच फारसी शब्दाची दोन रूपे आहेत, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ 'न वाकणारा' असाच घेतला जातो. नगरने तर जड हत्यारांचे वेड पाचशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे ती १५४९ मध्ये इथेच, निजामशाहीत, मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने ओतली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला. (लष्कराच्या के. के. रेंजवरून कधी आवाज आला की आमची मुले विचारतात, सर, मलिक-ए-मैदानचा आवाज यापेक्षा मोठा असेल का? मी हो म्हणतो. खात्री कुणाला आहे!) पण तोफ बुरुजावर बसलेली असते आणि लेथचा बेड जमिनीला बोल्टने आवळलेला असतो. पिस्तूल मात्र लांब केलेल्या एका हाताच्या टोकाला लटकते. सगळा फरक तिथे आहे.

व्हिडिओतले पिस्तूल झेक बनावटीचे सीझेड शॅडो २ होते. २०१६ मध्ये आलेले. जुन्या सीझेड ७५ चे हे स्पर्धेसाठी घडवलेले रूप, सांगाडा आणि वरचा सरकता भाग दोन्ही पोलादी, वजन १३३० ग्रॅमच्या आसपास. ते ज्या खेळासाठी बनले आहे त्यात ते उत्तमच आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तो खेळ म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग. नेमबाज पळत पळत, आडोशाआडून, दोन्ही हातांत पिस्तूल धरून घड्याळाशी स्पर्धा करीत लागोपाठ गोळ्या झाडतो. तिथे खरा शत्रू असतो तो गोळी सुटल्यावर बसणारा मागचा झटका. पिस्तूल उसळले की पुन्हा नेम धरायला वेळ जातो.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना मी हे गणित मांडून द्यायला सांगितले. त्यांनी फळ्यावरच मांडले. ९ एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर धरला. संवेग झाला २.८. तेवढाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळणार. दारूच्या वायूंचा हिशेब बाजूला ठेवला तर १.३३ किलोचे पिस्तूल सेकंदाला २.१ मीटर वेगाने मागे येऊ पाहील आणि ७०० ग्रॅमचे फायबरच्या सांगाड्याचे पिस्तूल ४ मीटर वेगाने. म्हणजे पोलादाने झटक्याचा वेग जवळजवळ निम्मा केला. त्या व्हिडिओतला माणूस खरेच बोलत होता.

आता मुलीच्या एअर पिस्तुलाकडे या. शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटर. संवेग ०.०७५. नऊ एमएमच्या सदतिसाव्या हिश्शाइतका. एक किलोचे पिस्तूल सेकंदाला साडेसात सेंटिमीटर मागे सरकणार, आणि चांगल्या पिस्तुलांत तेवढाही झटका शोषून घेणारी यंत्रणा बसवलेली असते. ज्या दुखण्यावर पोलादी वजन हे औषध आहे ते दुखणे या मुलीला झालेलेच नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो, भाई, खोकल्याची बाटली कितीही महागाची असली तरी ती पायाला चोळून काय होणार?

यावर कुणी म्हणेल, झटका नसला तरी वजनाने हात स्थिर राहतोच की. थोडासा राहतो, हे खरे. जड वस्तू बारीक थरथर कमी दाखवते. म्हणून स्पर्धेच्या एअर पिस्तुलांना नळीखाली छोटी छोटी वजने लावायची सोय असते आणि अनुभवी नेमबाज ती वापरतात. पण या खेळात पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही, मनगटालाही टेकू देता येत नाही. सव्वा तासात ६० गुणांकित नेम, त्याआधी पंधरा मिनिटे सराव. शिवाय नेम जमला नाही म्हणून हात पुन्हा खाली घेतला, असे वीस-पंचवीस वेळा तरी होतेच. ऐंशी वेळा हात वर गेला असे धरा. ९७० ग्रॅमच्या पिस्तुलाऐवजी १३३० ग्रॅमचे उचलले तर प्रत्येक वेळी ३६० ग्रॅम जास्त, एकूण जवळपास २९ किलो. तेही कोपर सरळ ठेवून, खांद्यापासून दोन फुटांवर. पहिल्या वीस नेमांत हे कळत नाही. दुकानात तर मुळीच कळत नाही, कारण दुकानात कुणी पिस्तूल दीड मिनिटापेक्षा जास्त धरत नाही. कळते ते चाळिसाव्या नेमानंतर, जेव्हा खांदा आखडतो आणि मूल बोटाऐवजी मनगटाने घोडा ओढू लागते.

नियमांत १० मीटर एअर पिस्तुलाला १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे. पंचवीस मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तुलाला १४०० ग्रॅम. पालक हे आकडे वाचतात आणि समजतात की मुभेच्या जितके जवळ तितके चांगले. परीक्षेत तीन तास दिले आहेत म्हणून उत्तर तीन तासांचे असायला हवे असे नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

मग बघायचे काय? माझ्या मते आधी मूठ, मग घोडा, मग तोल आणि वजन सर्वांत शेवटी. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची किंवा तत्सम असते, ती लहान-मध्यम-मोठी अशा मापांत मिळते आणि तळव्याखाली एक फळी वरखाली सरकते. मोठ्या माणसाच्या मापाची मूठ घेऊन 'मुलगी वाढेल तशी बसेल' असे करू नये. हे बूट नाहीत. डोळे मिटून हात लांब करायचा, मग डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर मूठ त्या हाताची. डावी-उजवीकडे दिसली तर मनगट प्रत्येक वेळी वळवून घ्यावे लागणार.

याची किंमत किती, तेही पाहा. दोन नेमखुणांमधले अंतर ३५ सेंटिमीटर धरले आणि पुढची माशी फक्त एक मिलिमीटर सरकलेली राहिली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ २८ मिलिमीटर बाजूला जातो. दहाचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे दहाच्या जागी सात. एवढी चूक कुठलेही पोलाद भरून काढत नाही. याउलट हात थरथरून संपूर्ण पिस्तूल सरळच्या सरळ दोन मिलिमीटर सरकले तर छर्राही दोनच मिलिमीटर सरकतो, आणि दहा दहाच राहतो. नवख्या नेमबाजाला थरथर दिसते म्हणून तो तिला घाबरतो. खुणांचा कोन बिघडलेला त्याला दिसतच नाही.

घोड्याचे वजन नियमाने किमान ५०० ग्रॅम असावे लागते. स्पर्धेआधी पंच वजन टांगून तपासतात. ५०० च्या अगदी काठावर लावलेला घोडा घरी छान वाटतो आणि तपासणीत नापास होतो, म्हणून थोडे वर ठेवलेले बरे. घेताना छर्रा न घालता पन्नास वेळा कोरडा नेम करून पाहावा. पहिला टप्पा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुटतो हे बोटाला दर वेळी एकाच जागी लागले पाहिजे. बरोबर कारखान्याचे चाचणीपत्रक असते, शिकंजात धरून झाडलेल्या छर्ऱ्यांचे भोक त्यावर असते, ते मागून घ्यावे. आणि हवेची नळकांडी! जुने पिस्तूल घेणारे इथेच फसतात. त्यात २०० बारच्या दाबाची हवा असते आणि नळकांड्यावर कोरलेल्या तारखेपासून दहा वर्षेच ते वापरायचे असते. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाच्या नळकांड्याची मुदत संपलेली असेल तर तो सौदा स्वस्त राहत नाही. ती हवा तुमच्या गावात कोण भरून देणार, पंप घ्यायचा की क्लबच्या टाकीवर अवलंबून राहायचे, हे पैसे मोजण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. दुरुस्तीचेही तसेच. २०२१ मध्ये टोकियोला मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला, मौल्यवान मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. जगातल्या उत्तम पिस्तुलाचे, उत्तम पथकात असताना असे होते. आपल्याला सुटा भाग पुण्यात मिळतो की मुंबईत की परदेशातून मागवावा लागतो, हे आधीच माहीत हवे.

कायद्याचे बोलायचे राहिले. व्हिडिओतले ते पिस्तूल या गृहस्थांना घेताच येणार नव्हते. ९ एमएम हा आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. पॉइंट टू-टूचे पिस्तूल घ्यायचे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना, पोलीस पडताळणी, आणि २१ वर्षांखालच्या व्यक्तीला सर्वसाधारण परवाना नाही. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्या क्लबमार्फत समजून घ्याव्यात. एअर पिस्तुलाचे तसे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवाई हत्याराला परवाना लागत नाही. आपल्या गणितातला छर्रा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरतो.

हे ऐकून त्यांचा चेहरा थोडा सैलावला. मग खरा प्रश्न आला, जो त्यांनी हळू आवाजात विचारला. "सर, पण आपल्या घरात पिस्तूल... लोक काय म्हणतील? पोरगी बॅग घेऊन एसटीत बसेल, कोणी उघडायला लावली तर?"

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, आणि ती का आहे हे या पानावरच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. आमच्या मोहल्ल्यातले काही शहाणे त्यांना 'जाऊ द्या, बॅडमिंटन खेळू द्या' असा सल्लाही देऊन गेले होते. मला तो सल्ला पटत नाही. कायद्याने जी गोष्ट कुठल्याही मुलीला करता येते ती आपल्या मुलीने नाव पाहून सोडून द्यायची, म्हणजे जो संशय उद्या कुणी घेईल तो आजच आपण स्वतःवर घेण्यासारखे आहे. मात्र दक्षता घ्यावीच, आणि ती सगळ्यांनीच घ्यावी. पावतीवर पिस्तुलाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. पावती, क्लबचे ओळखपत्र, शाळेचे पत्र, स्पर्धेचे प्रवेशपत्र यांच्या प्रती पिस्तुलाच्या पेटीतच ठेवाव्यात. पेटीला कुलूप, छर्रे वेगळे. शेजाऱ्यांपासून लपवू नये. उलट मुलीचा सराव बघायला एकदा बोलवावे. आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर पिस्तूल हातात घेतलेला फोटो कुणीही, विशेषतः घरातल्या धाकट्या भावाने, टाकू नये. खेळाचे साहित्य तिथे लगेच हत्यार दिसू लागते. शाळेचे पत्र मी दिले आहे, शिक्का मारून.

आता पैशांचे. परदेशी बनावटीचे चांगले एअर पिस्तूल लाख-दोन लाखांच्या घरात सहज जाते. दीड वर्ष सराव झालेल्या मुलीसाठी ते वावगे नाही, पण भाभींचे सोने मोडून नको, हे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी त्यांना सांगितले. पिस्तुलाबरोबर छर्रे, हवा, बूट, प्रवास, प्रवेश शुल्क, पुण्याच्या बालेवाडीला स्पर्धा असली की दोन माणसांचा मुक्काम, हे सगळे दर महिन्याला येते. पिस्तूल आले आणि छर्ऱ्यांना पैसे उरले नाहीत, असे पेटीत पडून असलेले पिस्तूल मी पाहिले आहे. तेही चांगले जड होते.

पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा फोटो जगभर फिरला. वय ५१, साधा चष्मा, डोळ्यावर झापड नाही, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक पिस्तुलात रौप्य. आमच्या मुलांनी तो फोटो वर्गात लावला होता. त्यावरून 'साहित्याला काही अर्थ नाही' असे ठरवणारेही भेटले. तेही अर्धेच पाहणे झाले. त्याच्या हातातले पिस्तूल स्पर्धेचेच होते, त्याच्या हाताला बसणारे, आणि त्यामागे सैनिकी शिस्तीची कित्येक वर्षे होती. फोटोत न दिसणारे एवढेच. आपल्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, नेमबाजीत ते जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी कोपराच्या दुखापतीने तिला बराच काळ खेळाबाहेर राहावे लागले होते. ती दुखापत वजनाने झाली असे मी म्हणत नाही. पण कोल्हापूरच्या या मुलीची गोष्ट मी त्या वडिलांना मुद्दाम सांगितली, कारण नेमबाजाचे कोपर आणि खांदा बदलून मिळत नाहीत, पिस्तूल मिळते.

आमचे ठरले ते असे. क्लबच्या पिस्तुलाला आधी ५० ग्रॅम, पंधरा दिवसांनी आणखी ५० ग्रॅम वजन लावून मुलीने पूर्ण साठ नेमांचे सत्र करायचे आणि प्रत्येक दहा नेमांचे गुण वेगळे लिहायचे. शेवटच्या वीस नेमांत गुण घसरले की वजन तिथेच थांबवायचे. हा कागद घेऊन मगच पुण्याला जायचे, आणि दुकानात पिस्तूल वडिलांनी उचलायचे नाही, मुलीने उचलायचे. ही शेवटची अट त्यांना जरा जड गेली. पहिल्या आठवड्याचा कागद मुलीने काल स्टाफरूममध्ये आणून दाखवला. शंभर ग्रॅम अजून लागायचे आहेत, पण पन्नासावरच पाचव्या दहामध्ये ९१ चे ८७ झाले आहेत. खाली तिने उर्दूत बारीक अक्षरात लिहिले होते, 'अब्बूंना दाखवू नका, ते वजन काढायला तयार होणार नाहीत.' मी तो कागद अब्बूंनाच दाखवणार आहे.